ज्यू वारशाच्या सहली आखणाऱ्यांना खुले पत्र: बिर्केनाऊ वगळायचं, तर मग दाखवणार काय?

प्रति,
महाराष्ट्रातील पर्यटन कंपन्यांचे संचालक, युरोपच्या सहली आखणारी मंडळी आणि टूर मॅनेजर

स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्यापैकी एका कंपनीचं पुढच्या सीझनचं माहितीपत्रक हाती आलं. याच कंपनीबरोबर मी आणि माझे पती पोलंड-चेक सहल करून आलो आहोत, त्यामुळे पानं उलटायच्या आधीच बरंचसं ओळखीचं होतं. नाव तेच: 'ज्यू वारसा आणि महायुद्ध स्मारकं'. मार्ग तोच: वॉर्सा, क्राकोव, ऑश्विट्झ, प्राग, तेरेझिन. दर थोडा चढा. बदल एकच आहे. ऑश्विट्झ या नाझी छळछावणीच्या दिवसातून बिर्केनाऊ हा तिचा दुसरा, मोठा भाग काढून टाकलाय आणि त्या जागी विएलिच्काची मिठाची खाण आणि 'खरेदीसाठी मोकळा वेळ' आलाय.

मी ऑफिसात फोन केला. पलीकडचा मुलगा अगदी नम्रपणे बोलला. म्हणाला, मॅडम, प्रवाशांचाच तसा फीडबॅक आहे, लोक दमतात, आणि तिकडे तसं पाहण्यासारखं काही नाहीये.

त्या मुलावर माझा राग नाही. त्याला जे सांगितलं गेलं ते त्याने मला सांगितलं. पण हे वाक्य ज्यांनी ठरवलं त्यांच्याशी मला बोलायचं आहे, आणि ते चारचौघांत. सहलीहून आल्यावर मी सविस्तर मेल केली होती, तिला 'आपल्या सूचनांची नोंद घेतली आहे' असं उत्तर आलं. नोंद काय घेतली ते या पत्रकावरून कळलंच. शिवाय प्रश्न एकाच कंपनीचा नाही. इतरांच्याही इटिनररी मी काढून पाहिल्या. एकाने आखायचं आणि बाकीच्यांनी तेच उचलायचं, असा कारभार दिसतो.

मी कोण, हे आधी सांगते. मी ठाण्याची, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातली. आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले असं आमच्यात सांगतात. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गावाने शनिवार तेली म्हटलं. घरात मराठी, नवसाला मलिदा, ठाण्याच्या 1879 च्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना. माझ्या घरातलं कुणीही ऑश्विट्झमध्ये बळी गेलेलं नाही. सहलीत दोघा-तिघांनी हळहळून विचारलं, 'तुमचे कोण गेले हो यात?' कुणीच नाही. या देशात ज्यू म्हणून आमच्या वाट्याला कुणाचा द्वेष आला नाही, आणि हे मी परदेशातही अभिमानाने सांगते. पण ऑश्विट्झच्या ब्लॉक 27 मध्ये मारल्या गेलेल्या ज्यूंच्या नावांचं एक प्रचंड पुस्तक आहे. मोठाली पानं, चाळीस लाखांहून जास्त नावं. आडनावं सगळी परकी. पहिली नावं मात्र आमच्या घरात रोज हाका मारायची: एस्तेर, राहेल, दाविद, शिमशोन. तिथे मला उभं राहायचं होतं. 'ब्लॉक 27 आपल्या प्रोग्रॅममध्ये नाही' असं म्हणून आम्हाला पुढे काढलं गेलं, तेव्हा मी दारातून धावत आत जाऊन आले आणि ग्रुपची बोलणी खाल्ली.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी बिर्केनाऊची, म्हणून तिच्यावर जरा वेळ घेते.

ऑश्विट्झ म्हणून तुम्ही जे दाखवता, ते लाल विटांचं, कमानीवर लोखंडी अक्षरांचं, ती पहिली छावणी. मूळच्या पोलिश लष्कराच्या बराकी. 14 जून 1940 ला तिथे पहिले 728 पोलिश राजकीय कैदी आणले. ती पाहायलाच हवी. पण ऑश्विट्झमध्ये जी सुमारे 11 लाख माणसं मारली गेली, त्यातली जवळपास 10 लाख ज्यू होती, आणि त्यातले बहुतेक मेले ते तिथून साडेतीन किलोमीटरवर, बिर्केनाऊत. मोठी गॅस चेंबर तिथे होती. तुमच्या पत्रकाच्या मुखपृष्ठावर जो फोटो आहे, रूळ आणि त्यांच्या टोकाला बुरुजाचं दार, तोही बिर्केनाऊचाच आहे! म्हणजे फोटो त्या जागेचा छापायचा आणि बस मात्र मिठाच्या खाणीकडे वळवायची. ते रूळ छावणीच्या पोटात नेले ते 1944 च्या मे महिन्यात, हंगेरीतून येणाऱ्या गाड्यांसाठी. मे ते जुलै एवढ्या काळात हंगेरीतून चार लाखांहून जास्त ज्यू तिथे उतरवले गेले, आणि बहुतेकांना त्याच दिवशी मारलं.

'पाहण्यासारखं काही नाही' हे एका अर्थी खरं आहे. लाकडी बराकी गेल्या, त्यांच्या विटांच्या चिमण्या तेवढ्या ओळीने उभ्या आहेत, नजर पोचेल तिथपर्यंत. गॅस चेंबरचे स्लॅब कोसळून पडलेत. पण ते का कोसळलेत? जानेवारी 1945 मध्ये रशियन फौजा जवळ आल्या तेव्हा हिटलरच्या एस.एस. दलाने सुरुंग लावून ती उडवली, लुटलेल्या सामानाची गोदामं पेटवली, कागद जाळले. मागे पुरावा राहू नये म्हणून. 27 जानेवारीला सैन्य पोचलं तेव्हा जे उरलं होतं ते उरलं. त्या जागेबद्दल आता आपणच 'काही नाही' म्हणायचं, हे मला सोसत नाही.

वेळेचं म्हणाल, तर दोन्ही भाग पाहायला किमान साडेतीन तास धरा, असं संग्रहालय स्वतःच सांगतं. दोन्हींच्या मध्ये त्यांची मोफत बस असते. आमच्या वेळी दोन्ही मिळून आम्हाला जेमतेम दोन तास मिळाले, कारण सुरुवातच फाटकावर अडली. मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत, हे कुणी सांगितलेलं नव्हतं; अर्धा ग्रुप पाठपिशव्या ठेवायला बसकडे परत गेला. प्रवेशपत्रावर नाव असतं आणि ओळखपत्र जुळावं लागतं, हेही नाही. दोघांचे पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत. मग आत हेडफोनमधून गाईड बाई ब्लॉक 11 बद्दल बोलत होत्या आणि मागून आमचे टूर मॅनेजर घड्याळावर बोट आपटत, 'चला चला, लंच साडेबाराचं सांगितलंय, छोले गार होतील.' हे मी तिखटमीठ लावून सांगत नाही. छोलेच होते.

आणखी एक. पत्रकात 'ऑश्विट्झ प्रवेश शुल्क समाविष्ट' असं ठळक छापता. त्या जागेला प्रवेश शुल्क नाही. पैसे असतात ते गाईडचे. तसं लिहा.

दुसरी तक्रार शनिवारची. क्राकोवचा काझिमिएझ हा जुना ज्यू मोहल्ला आम्हाला शनिवारी दाखवला गेला. 'दाखवला' म्हणजे रस्त्यावरून. सोळाव्या शतकातलं रेमुह सिनेगॉग आणि त्याला लागून असलेलं कबरस्तान, जिथे ज्यू धर्मशास्त्राचे पंडित रब्बी मोशे इस्सेर्लेस यांची समाधी आहे, शनिवारी पाहुण्यांसाठी बंद असतं. प्रागचं ज्यू संग्रहालयही शनिवारी बंद, वॉर्साचं ओकोपोवा रस्त्यावरचं मोठं कबरस्तानही. ज्यू वारशाची सहल आणि तिचा मुख्य दिवस शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या शनिवारी! ग्रहणात देवळाची दारं लावलेली असताना दर्शनाची सहल काढावी, तसला प्रकार. नव्या पत्रकातल्या तारखा मी कॅलेंडरला लावून पाहिल्या. क्राकोव पुन्हा शनिवारीच येतंय. शनिवार तेल्याच्या घरात जन्मलेल्या बाईने यावर हसावं की कपाळाला हात लावावा?

तिसरी तक्रार 'वारसा' या भागाची. महायुद्धाआधी पोलंडमध्ये सुमारे 33 लाख ज्यू राहत होते, लोकसंख्येच्या जवळपास दहा टक्के. वॉर्सात तर दर तीन माणसांत साधारण एक. शिंपी, छापखानेवाले, डॉक्टर, नाटकवाले, गुंड, पंडित, कम्युनिस्ट, कर्मठ, सगळे. त्यांतले सुमारे 30 लाख मारले गेले. ते मेले कसे हे तुम्ही दाखवता. ते जगले कसे, हे कुठेच नाही. वॉर्सातलं पोलिन संग्रहालय हजार वर्षांच्या या जगण्याचंच आहे. ग्वोझ्झियेत्स गावच्या लाकडी सिनेगॉगचं रंगवलेलं छत तिथे पुन्हा उभं केलंय, प्राणी-पक्षी-वेलबुट्टीने भरलेलं. आमच्या कार्यक्रमात पोलिनपुढे 'बाहेरून फोटो स्टॉप' होता. समोर घेट्टो (नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती) उठावाचं स्मारक, जिथे 1970 मध्ये जर्मन चॅन्सेलर विली ब्रांट गुडघे टेकून बसले. त्याच पायऱ्यांवर आमचा ग्रुप फोटो झाला आणि बस निघाली.

आणि वॉर्सात तर मराठी माणसाला आपली वाटावी अशी गोष्ट आहे. घेट्टोत डॉ. यानुश कोर्चाक यांचं अनाथालय होतं. 18 जुलै 1942 ला तिथल्या मुलांनी रवींद्रनाथ टागोरांचं 'डाकघर' केलं. तोच तो खिडकीशी बसलेला आजारी अमल, राजाच्या पत्राची वाट पाहणारा. मुलांना मरणाकडे न घाबरता पाहता यावं म्हणून कोर्चाकांनी हे नाटक निवडलं, असं सांगितलं जातं. चारच दिवसांनी, 22 जुलैला, घेट्टोतून ट्रेब्लिंका या मृत्युछावणीकडे गाड्या सुटू लागल्या. ऑगस्टच्या सुरुवातीला कोर्चाक आपल्या जवळपास दोनशे मुलांबरोबर त्या गाडीत चढले. स्वतःचा जीव वाचवायची संधी त्यांना होती, त्यांनी ती घेतली नाही. अनाथालयाची शेवटची जागा आज जिथे संस्कृती आणि विज्ञान प्रासाद उभा आहे त्या आवारात येते; शेजारच्या बागेत मुलांना घेऊन उभ्या कोर्चाकांचा पुतळा आहे. त्या उंच इमारतीखाली आम्ही तब्बल अर्धा तास होतो. तिला 'स्टालिनची भेट' म्हणतात एवढं सांगण्यात आलं आणि कॉफी कुठे स्वस्त मिळते ते. पुतळ्याकडे कुणाला नेलं नाही. आमच्या ग्रुपमध्ये शाळेत 'डाकघर' बसवलेल्या एक निवृत्त बाई होत्या. रात्री हॉटेलात मी त्यांना हे सांगितलं, तर त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, 'अहो, मग आपण तिथे होतो तेव्हा का नाही सांगितलं?' त्यांना मी काय उत्तर देणार. उत्तर तुमच्याकडे आहे.

चौथी तक्रार माहितीच्या खिचडीची. वॉर्सात दोन वेगळे उठाव झाले. घेट्टोतला ज्यूंचा, 19 एप्रिल 1943 ला सुरू झालेला. आणि शहराचा, 1 ऑगस्ट 1944 पासून 63 दिवस चाललेला. बसच्या माइकवर दोन्ही एकच करून टाकले. त्याहून वाईट म्हणजे 'कोल्हापूरच्या महाराजांनी पाच हजार ज्यूंना आसरा दिला' असं जाहीर झालं आणि टाळ्या पडल्या. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, हे खरं. बहुतेक बायका-मुलं, बहुतेक कॅथलिक, स्टालिनने सायबेरिया आणि मध्य आशियात हाकललेल्या कुटुंबांतली. वॉर्सात त्या आठवणीचं स्मारकही आहे. कोल्हापूरने जे केलं ते मोठंच आहे, त्याला ज्यूंचं ठिगळ लावायची गरज नाही. ज्यू निर्वासितांचीच गोष्ट सांगायची तर मुंबईची सांगा. 1934 मध्ये मुंबईत त्यांच्या मदतीसाठी ज्युइश रिलीफ असोसिएशन निघाली. त्याच साली प्रागमध्ये शिकलेले संगीतकार वॉल्टर कौफमन मुंबईत आले; आकाशवाणीची सकाळची ती धून त्यांच्या नावावर सांगितली जाते. प्रागच्या बसमध्ये ती धून मोबाइलवर लावली असती तरी अर्ध्या बसचे कान टवकारले असते.

पाचवी गोष्ट लिहिताना संकोच वाटतो, पण लिहितेच. ऑश्विट्झहून परतताना मागच्या सीटवरून एक गृहस्थ म्हणाले, 'काहीही म्हणा, शिस्त मात्र होती. आपल्याकडे असाच एक पाहिजे.' दोघं हसले. टूर मॅनेजरही हसले, ग्राहक नाराज होऊ नये म्हणून असेल. आपल्याकडे हिटलरचं आत्मचरित्र फूटपाथवर व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी विकलं जातं. 2006 मध्ये नवी मुंबईत त्याच्या नावाचं हॉटेलही निघालं होतं, ओरड झाल्यावर नाव बदललं. त्या गृहस्थांना मी वाईट म्हणत नाही. त्यांना कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. ब्लॉक 4 मध्ये कापलेल्या केसांचा ढीग काचेमागे आहे, तिथे फोटो काढू नका अशी पाटी आहे, आणि तरीही आपल्यातल्याच एकीने मोबाइल वर केला. गाईड बाईंनी तो हाताने खाली केला. मान खाली गेली ती आम्हा सगळ्यांची. बिर्केनाऊच्या रुळांवर तोल सावरत चालण्याचे फोटो काढू नका, असं संग्रहालयाला 2019 मध्ये जाहीरपणे सांगावं लागलं होतं. आमच्या ग्रुपमध्येही तो फोटो निघाला.

चौदा वर्षांखालच्या मुलांना आणू नये असं संग्रहालय सुचवतं. तुम्ही ही सहल 'फॅमिली स्पेशल' म्हणून विकता. आमच्याबरोबर तिसरीतला एक मुलगा होता. त्याच्या आईला आदल्या रात्रीपर्यंत कल्पना नव्हती.

चांगलं झालं तेही सांगते. तेरेझिनला, म्हणजे चेकमधल्या घेट्टो-छावणीत, स्थानिक गाईड होते, वेळ होता, कुणी घाई केली नाही. फ्रीडल डिकर-ब्रांडाइस या चित्रकार बाईंनी तिथल्या मुलांना चित्रकला शिकवली आणि ऑश्विट्झला नेण्यापूर्वी सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसींत भरून लपवून ठेवली, हे त्यांनी इतकं नीट सांगितलं की दुसऱ्या दिवशी प्रागच्या पिंकस सिनेगॉगमध्ये ती चित्रं पाहताना एकही जण बाहेर कॉफीला गेला नाही. भिंतींवरची जवळपास 78 हजार नावं लोक वाकून वाचत होते. हेच ते 'दमलेले' प्रवासी.

म्हणून 'आपल्या लोकांना जड होतं' हे मला पटत नाही. तुम्हीच मराठी माणसाला अंदमानला नेता. तिथे सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढे लोक चपला काढतात, सत्तरीच्या आजी जिने चढतात, रात्रीच्या कार्यक्रमाला पुन्हा येऊन बसतात. कुणी 'तिकडे नुसत्या कोठड्या आहेत' म्हणून खरेदीला वेळ मागत नाही. कारण निघण्याआधी त्यांना माहीत असतं आपण कुठे चाललोय. तुमच्या अडचणीही मला कळतात. दिवस मोजके, शाकाहारी जेवण मिळवायचं, वयस्कर मंडळी, युरोचा भाव. पण मिठाच्या खाणीला वेळ निघतो ना?

माझ्या मागण्या अशा आहेत:

बिर्केनाऊ परत घ्या. ऑश्विट्झच्या दोन्ही भागांना मिळून किमान चार तास द्या, आणि त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. जेवण नंतर. ज्यांना चालवत नाही त्यांची व्यवस्था आधी विचारून करा, सगळ्यांचा कार्यक्रम कापून नको.

तारखा शनिवार आणि ज्यू सण पाहून ठरवा. पोलिन मंगळवारी बंद असतं, तेही पाहा, आणि त्याला फोटो स्टॉपऐवजी निदान तीन तास आत द्या. ट्रेब्लिंका मी मागत नाही. तिथे खरोखरच दगडांखेरीज काही उरलेलं नाही आणि वाटही लांबची आहे. पण वॉर्साच्या ज्या चौकातून तिकडे गाड्या सुटल्या त्या उमश्लागप्लात्झवर दहा मिनिटं थांबा आणि ते नाव घ्या.

प्रत्येक शहरात परवानाधारक स्थानिक गाईड घ्या. टूर मॅनेजरनी मराठीत समजावून सांगावं, जरूर सांगावं, पण आधी स्वतः वाचून. निघण्यापूर्वी पुणे-मुंबईत तुम्ही जी गेट-टुगेदर ठेवता, ज्यात बॅगेचं वजन आणि रोमिंग पॅक सांगता, त्यातला एक तास इतिहासाला द्या. बॅग, पासपोर्ट, फोटो, डोकं झाकणं यांचे नियम मराठीत छापून हातात द्या. मुलांबद्दलची सूचना बुकिंगच्या वेळीच आईवडिलांना सांगा.

यातलं काहीच जमणार नसेल, तर सहल चालू ठेवा, पण नाव बदला. 'पोलंड-चेक हायलाइट्स' म्हणा, माझी काही हरकत नाही.

आणि ज्यांनी या सीझनचे पैसे आधीच भरलेत, त्यांना बिर्केनाऊ वगळल्याचं लेखी कळवा. माझ्या ओळखीतल्या ठाण्याच्या दोन कुटुंबांना ते माझ्याकडून कळलं. त्यांना बुकिंग रद्द करायचं असेल तर कापाकापी न करता पूर्ण रक्कम परत करा. बदल त्यांनी केलेला नाही, तुम्ही केलाय.

उत्तर मला एकटीला पाठवू नका. नव्या पत्रकात छापा.

आपली,
एक बेने इस्राएल प्रवासी, ठाणे